पंचेचाळीस, पण कशाचे?

"मागचे दोन टायर गुळगुळीत झालेत. बदलून आणा, मग बघू," एवढंच वाहन तपासनीस म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला.

एवढ्याशा वाक्याने एखाद्या घराची घडी विसकटते असं कुणी म्हटलं असतं, तर तागडीकाकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. टायर गुळगुळीत झाले, नवे आणायचे. दिवा गेला, नवा लावायचा. यात विसकटण्यासारखं काय आहे? पण दिवा विकत घेताना कुणी त्याच्या पोटावरचे आकडे वाचत बसत नाही, आणि काकांना तर आकडा दिसला की तो वाचल्याशिवाय राहवत नाही. मांजराला उंदीर, मुलांना चिखल, तसा काकांना आकडा.

त्यांना तागडीकाका म्हणतात ते नोकरीमुळे. ते वजनमापे खात्यात आहेत. दुकानदाराची दोन्ही पारडी रिकामी असताना नाकासमोर नाक धरून उभी राहिली पाहिजेत, एवढाच त्यांचा धर्म आणि एवढीच त्यांची प्रार्थना. पितळी वजनांची पेटी घेऊन ते दुकानात शिरले की भल्याभल्यांच्या हातातलं फडकं थांबतं. घरीही तेच. कलिंगड कापलं की फोडी काकाच करतात, आणि फोडी सारख्या होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तोवर कलिंगड कोमट होतं. पण सारखं कोमट होतं, हे काका अभिमानाने सांगतात.

गाडी मात्र त्यांची नव्हती. गाडी काकूंची. काकूंचा धाकटा भाऊ नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेला, तेव्हा जाताना किल्ली काकूंच्या तळहातावर ठेवून म्हणाला, "ताई, ही माझी लाडकी. विकवत नाही. तुझ्या पदरात घालतो." चालवायच्याही काकूच. काकांना चालवता येत नाही. ते शेजारच्या सीटवर बसतात आणि वेग, अंतर, पुढच्या गाडीशी राखायची जागा, सिग्नलचा उरलेला वेळ हे सगळं मोठ्याने सांगतात. गाडी काकू चालवतात खरी, पण ती चालते आपल्या तोंडावर, अशी काकांची प्रामाणिक समजूत होती.

आणि घाई होती. काकूंची थोरली बहीण, अक्का, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. शनिवारी तिला घरी सोडणार होते. आई गेल्यावर अक्कानेच या दोघा भावंडांना वाढवलेलं. तिने पलंगावरूनच सांगून ठेवलं होतं, "मला टॅक्सीबिक्सी नको. भावाच्या गाडीतून, बहिणीच्या हाताने घरी जाईन. नाहीतर इथेच राहीन, डॉक्टर काय मला खाणार आहेत?" गाडीचा जुना पास शुक्रवारी संपत होता; वार्षिक तपासणीत नव्याने पास झाल्याशिवाय त्यानंतर ती रस्त्यावर काढायची सोय नव्हती. म्हणजे शनिवारच्या आत टायर, शनिवारच्या आत पास.

तर काका टेप घेऊन खाली गेले, मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि टायरच्या कडेवरचा आकडा वाचला. २५५, मग तिरकी रेघ, मग ४०, मग आर, मग १८. बरं. मग सहज, केवळ हौसेखातर, पुढचा वाचला. २२५, रेघ, ४५, आर, १८.

काकांनी चष्मा पुसला. परत वाचला. मागे गेले, परत पुढे आले. दुसऱ्या बाजूने वाचून पाहिलं. आकडे काही बाजू बदलल्याने बदलत नाहीत. मागचे टायर रुंद, पुढचे बारीक. एका गाडीला दोन मापं! ज्या माणसाने आयुष्यभर दोन मापांच्या दुकानांना टाळं ठोकलं, त्याच्या स्वतःच्या दारात दोन मापांची गाडी उभी होती, आणि तीही लाडकी म्हणून.

ते जिना चढून वर आले. काकू खिडकीची काच पुसत होत्या.

"तुझ्या भावाने आपल्याला गंडवलं."

फडकं थांबलं. "काय म्हणालात?"

"पुढची जोडी एका गाडीची, मागची दुसऱ्या गाडीची. मिळेल ते लावलं, लाडकी म्हटलं आणि आपल्या गळ्यात बांधलं. आकडे वाच जाऊन."

काकू आकडे वाचायला गेल्या नाहीत. त्यांनी काच पुसून पुरी केली, फडकं पिळलं, दोरीवर टाकलं, आणि मग वळून म्हणाल्या, "हा शब्द परत घेत नाही तोवर गाडीत माझ्या शेजारी बसायचं नाही. मागे बसायचं."

"मागे? म्हणजे प्रवाशासारखं?"

"सामानासारखं."

आणि त्या आत गेल्या. काम करताना काही मनात सलत असलं की काकू ओवी गुणगुणतात. अक्काने शिकवलेली सवय. भांड्यांच्या आवाजातून काकांना ऐकू आलं:

"पुढलं चाक सडपातळ, मागलं चाक भरदार,
भाऊरायाच्या मायेला कोण बाई मोजणार?"

हे 'कोण बाई' म्हणजे कोण, हे समजण्याइतके काका नक्कीच हुशार होते.

आता सरळ मार्ग एकच होता. मेहुण्याला फोन करून विचारायचं, बाबा रे, हे असं का? पण आरोपीलाच साक्षीला बोलावणं काकांच्या खात्यात बसत नव्हतं. शिवाय रागाच्या तळाशी त्यांना काहीतरी टोचत होतं, आणि ते टोचणं रागापेक्षा गोड होतं. २२५ म्हणजे रुंदी, हे त्यांनी टेप लावून पाहिलं होतं. मिलिमीटरमध्ये बरोबर येत होतं. १८ म्हणजे आतल्या चाकाचा व्यास, इंचात. तेही आलं. (एकाच ओळीत मिलिमीटर आणि इंच! अशी ओळ लिहिणाऱ्याचा परवाना काकांनी जागीच रद्द केला असता.) पण मधला ४५? पंचेचाळीस कशाचे? टायरच्या भिंतीची उंची मोजली, ती शंभराच्या जरा वर भरली. मागच्याची मोजली, तीही शंभराच्या जरा वर. पंचेचाळीस नाही, चाळीस नाही. काकांनी टेपवर संशय घेतला नाही. टेप प्रमाणित होती. त्यांनी टायरवर संशय घेतला.

मग त्यांनी इमारतीला विचारलं.

वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर जिन्यात भेटले. "पंचेचाळीस?" ते डोळे मिटून म्हणाले, "तो वेग. ताशी पंचेचाळीसच्या वर गेलात की टायर जबाबदार नाही."

"आणि मागचे चाळीसचे आहेत."

"मग मागची चाकं जरा सावकाश येत असतील," हेडमास्तर म्हणाले, आणि आपण काय बोललो हे लक्षात येण्याच्या आत जिना चढून गेले.

समोरच्या दारातले विमावाले म्हणाले, "काका, ते आयुष्य असतं. पंचेचाळीस महिने. तुमच्या मेहुण्याने मागचे स्वस्तातले घेतले." आणि जाता जाता गाडीच्या नव्या पॉलिसीचा विषय काढला. विमावाल्यांच्या जगात प्रत्येक आकडा शेवटी आयुष्याचाच असतो.

तळमजल्यावरच्या शिंपीणबाई मात्र शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवून म्हणाल्या, "पुढून तंग नि मागून सैल? माझ्याकडे अशी गिऱ्हाइकं रोज येतात. मी दोष अंगाला देत नाही नि कापडालाही देत नाही. ज्याने शिवलं त्याला विचारते. तुम्ही कुणाला विचारलं?"

"ज्याने दिली त्याला विचारायचं नाही असं ठरवलंय."

"मग बसा मोजत," शिंपीणबाई म्हणाल्या, आणि चाक परत फिरू लागलं.

काका बसले मोजत. मोठ्या दुकानासमोरच्या आवारात ओळीने गाड्या उभ्या असतात. तिथे ते टेप घेऊन एकेका चाकाशी बसू लागले. २०५, ५५. १९५, ६५. रुंदी कमी झाली की दुसरा आकडा वाढतो, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांच्या अंगावर शहारा आला. यात काहीतरी आहे! आकडे हातात हात घालून नाचत आहेत, एक वाकला की दुसरा उठतो, आणि ताल आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच. तेवढ्यात एका लांबट काळ्या गाडीपाशी ते थबकले. पुढे एक माप, मागे रुंद! अगदी आपल्यासारखंच. काका क्षणभर गोंधळले. मग त्यांनी गाडीकडे कणवेने पाहिलं. हिलाही कुणाचा तरी मेहुणा भेटलेला दिसतोय.

"काका, हवा चोरताय की टायर?" मागून आवाज आला. आवाराचा रखवालदार काठी टेकवून उभा होता.

"मी मापं घेतोय."

"कुणाच्या परवानगीने?"

काकांनी खिशातून ओळखपत्र काढलं. आजवर या पत्राने मोठमोठे धान्यवाले घामाघूम झालेले होते. रखवालदाराने ते उलटं धरून वाचलं, सुलटं धरून वाचलं आणि परत दिलं. "वजनमापं. इथे काय भाजी विकतात? चला केबिनमध्ये. घरातलं कुणी येऊन ओळख पटवेल तोवर बसा."

काकू आल्या. केबिनच्या काचेतून त्यांनी आत पाहिलं. स्टुलावर पाठ ताठ ठेवून, मांडीवर टेप घेऊन काका बसले होते. शाळेत शिक्षा झालेल्या हुशार मुलासारखे.

"हे तुमचेच का?" रखवालदाराने विचारलं.

काकूंनी उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला. "हो. माझेच आहेत."

घरी जाताना काका मागच्या सीटवर होते. अंतर आणि वेग सांगायला तोंड उघडावं, तर समोर नुसती काकूंची मान. आणि मानेला सांगितलेलं काही आत पोहोचत नाही, हे काकांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात काकू म्हणाल्या, "होते तसलेच द्या." सरळ वाक्य. इतकं सरळ की काकांना ते पुरेसं वाटलं नाही.

"थांबा," ते म्हणाले. "होते तसले द्यायला ते बरोबर होते हे आधी सिद्ध व्हायला हवं. अठरा सारखा आहे, तो ठेवा. रुंदीत तडजोड होणार नाही, मागचं चाकच रुंद आहे. ती राहू दे मेहुण्याची. पण हा दुसरा आकडा! पुढे पंचेचाळीस, मागे चाळीस. तो तरी सारखा करा. मागे पंचेचाळीसच बसवा."

दुकानदार टायरांच्या चळतीला टेकून पेंगत होता. त्याने एक डोळा उघडला. "२५५, पंचेचाळीस? आहेत माझ्याकडे. पण मागे होते चाळीसचे..."

"पंचेचाळीस म्हणजे काय, माहीत आहे तुम्हाला?"

"टायरवाल्यांना माहीत," दुकानदार म्हणाला. "आपण विकणारे."

"मग बसवा. मी वजनमापे खात्यात आहे."

दुकानदाराने दुसराही डोळा उघडला, आपल्या भिंतीवरच्या हवेच्या काट्याकडे चोरून पाहिलं, आणि मुकाट्याने टायर बसवले. जुने दोन काकांनी पुरावा म्हणून घरी आणले आणि गॅलरीत उभे केले. काकूंनी त्यांच्यावर पायपुसणी वाळत घातली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. काकांनी केलं ते मूर्खपणाने केलं नाही. मूर्ख माणसाने होते तसले टायर घेतले असते आणि घरी जाऊन झोपला असता. हे शहाणपणाने झालेलं होतं, आणि शहाणपणाने झालेलं फार लांब जातं.

तपासणी केंद्राच्या वाटेवर पहिल्यांदा काकांच्या शेजारची पाण्याची बाटली सीटवरून घरंगळून पुढे पडली. त्यांनी उचलून ठेवली. ती परत पडली. रस्ता सपाट होता, तरी गाडी सारखी उतारावर असल्यासारखी वाटत होती, जणू पुढच्या प्रत्येक गाडीला वाकून वाट विचारत चालली होती. मग काकूंसमोर, स्टिअरिंगच्या मागे, एक पिवळा दिवा लागला. मग दुसरा. मग वळणावर गाडीने आपणहूनच ब्रेक दाबल्यासारखा केला, आणि सगळे दिवे एकदम उजळले.

"हे काय?" काकू म्हणाल्या.

"दिसत नाही मला. मी मागे आहे," काका म्हणाले. त्यात टोमणा होता; पण उंचवट्यावरून गाडी गेली तेव्हा तो त्यांच्याच खाली करकरला. खर्रर्र.

"आवाज कुठून येतोय?"

"माझ्या... माझ्या खालून."

"मग तुम्ही उतरून बघा बरं."

काकूंनी खाली उतरून त्यांचं दार उघडलं. काका उतरले, गाडी थोडी पुढे गेली, आवाज आला नाही. काका बसले, आवाज आला. जगात दोषी कोण, हे इतक्या स्वच्छ प्रयोगाने फार थोड्यांना कळतं.

तपासणी केंद्रात तोच वाहन तपासनीस होता. त्याने काकूंच्या बाजूचं दार उघडलं, वाकला, दाराच्या चौकटीकडे काहीतरी न्याहाळलं (बिजागरीचं कौतुक करत असावा, असं काकांना वाटलं), मग मागच्या चाकाकडे गेला आणि मान हलवली. "मागचं माप चुकीचं. बदलून आणा. पुढची गाडी!"

चुकीचं! काकांच्या मापाला चुकीचं! बाहेर येऊन बोलायला काकांनी दाराची मूठ ओढली. दार उघडेना. दुसरं ओढलं. तेही उघडेना. मागची दारं आतून उघडत नव्हती. मेहुण्याच्या मुली लहान असताना त्याने लावलेला खटका तसाच राहिला होता. काका काचेवर बोटांनी वाजवत राहिले. बाहेर तपासनीस दुसऱ्या गाडीखाली वाकला होता; आणि त्या वाकलेल्या पाठीत काकांना एकाएकी ओळखीचं काहीतरी दिसलं. अशीच पाठ ते स्वतः दुकानदारांना दाखवत आले होते. काचेच्या अलीकडून ती कशी दिसते, हे त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं.

काकूंनी दार उघडलं तोवर बोलायला कुणी उरलं नव्हतं.

शुक्रवारी दोघं दवाखान्यात गेले. अक्काच्या डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, उजव्यात नेहमीची मिस्किली. "उद्या येताय ना न्यायला? गाडी कशी आहे माझ्या लाडक्याची?"

काकू खिडकीकडे बघू लागल्या. काकांनी घसा साफ केला. "आहे. टायरांचा जरा... अभ्यास चाललाय."

"अभ्यास? शनिवारी मला पुस्तकात बसवून नेणार का?" अक्का हसली. "भाऊजी, जरा पलंगाखालचे माझे जोडे द्या. एका डोळ्याला ते सापडतच नाहीत."

काका वाकले. जोडे बाहेर ओढले आणि तिथेच थांबले. एका जोड्याचा तळ बोटभर जाड होता. दुसऱ्याचा पातळ.

कुणाचा पाय कसा आहे हे माणूस जोड्यांत वाकून बघत नाही. लग्न झाल्यापासून काकांनी अक्काला शेकडो वेळा चालताना पाहिलं होतं, पुढे पाण्याचा तांब्या घेऊन, मागे भाचरं घेऊन, सरळ ताठ. "हे सारखे नाहीत," ते म्हणाले.

"नाहीतच. माझा डावा पाय आखूड. लहानपणापासून. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तुम्ही लंगडताना कधी दिसलाच नाहीत."

"दिसेन कशी? मग जोडेवाल्याने काय झक मारली? एकदा एकाने मात्र फार चांगुलपणा केला हो. दुरुस्तीला दिले, तर दोन्ही तळ अगदी सारखे करून दिले. घरापर्यंत भिंत धरत आले." मग तिने उजवा डोळा मिटला आणि गुणगुणली:

"एक तळवा जाड माझा, एक तळवा पातळ,
वाट सांगे आभाळाला, बाई चालते सरळ."

काका जोडे हातात घेऊन उभे होते. एक जाड, एक पातळ. जोडे सारखे नकोत. कंबर सारखी हवी. कंबर! गाडीची कंबर म्हणजे चाकाचा मध्य, आणि तो जमिनीपासून सारखा उंच हवा. भिंत शंभराच्या जरा वर, पुढेही आणि मागेही. मोजलं होतं आपण! टेप खरं बोलली होती. मग पंचेचाळीस कशाचे? रुंदी वाढली की आकडा उतरतो. रुंद कापडातून तेवढीच बाही काढायची तर वाटा कमी घ्यायचा. वाटा... रुंदीतला वाटा...

"शेकडा!" काका ओरडले.

दारातून परिचारिकेने डोकं घातलं. "हळू बोला, इथे रुग्ण आहेत."

"शेकडा," काका आवाज खाली आणून म्हणाले. "पंचेचाळीस म्हणजे शेकडा पंचेचाळीस! रुंदीचे! दोनशे पंचवीसचे शेकडा पंचेचाळीस, एकशे एक आणि वर पाव. दोनशे पंचावन्नचे शेकडा चाळीस, एकशे दोन. नखाएवढा फरक! अगं, नखाएवढासुद्धा नाही! चारही चाकं एका उंचीची. रुंदी वेगळी, वाटा वेगळा, आणि उंची एक!" जोडे त्यांच्या हातात दोन पारड्यांसारखे वरखाली होत होते. "आणि मी काय केलं? मागचा वाटा पुढच्याइतका केला. मागची भिंत बोटभर चढली. मी एक गोष्ट सारखी केली आणि बाकी सगळं वाकडं केलं."

त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की आपण आपलीच चूक सांगतोय, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते आणून दिलं काकूंनी, खिडकीकडून न वळता.

"मग तो शब्द?"

"कुठला?"

"गंडवलं."

"कुणी कुणाला गंडवलं?" अक्का पट्टीसकट उठून बसली.

खोलीत शांतता झाली. परिचारिकेला हवी होती तशी. काकूंनी अक्काला यातलं एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. आता सांगायचं तर काकांनीच, आणि ज्या बाईने त्या पोराला हाताने भरवून वाढवलं तिच्यासमोर. काकांनी जोडे पलंगापाशी नीट लावून ठेवले. जाड डावीकडे, पातळ उजवीकडे.

"अक्का, गाडीला दोन मापांचे टायर पाहून मी म्हणालो, तुमच्या भावाने आम्हाला गंडवलं. तो शब्द मी मागे घेतो."

"किती?" काकू म्हणाल्या.

"अं?"

"किती मागे घेताय?"

"अख्खा," काका म्हणाले. "गुंजभरही ठेवत नाही."

अक्काने दोघांकडे एका डोळ्याने बघितलं. एकाच डोळ्यात तिला पुरेसं दिसलं असावं. "भाऊजी, वजनाच्या माणसाने उचलून मग बोलावं हो," एवढंच म्हणून ती परत आडवी झाली.

शनिवारी सकाळी दुकानदाराने दोन्ही डोळे उघडे ठेवून टायर बदलून दिले. मागे २५५, चाळीस. बाटली सीटवर बसल्या जागी बसून राहिली. दिवे विझले. काकूंनी काही म्हटलं नव्हतं, म्हणून काका अजून मागेच होते, पण मागे बसून त्यांनी भाषण तयार केलं होतं. वाहन तपासनीस म्हणेल, पुढे एक माप, मागे दुसरं, हे कसं? मग आपण उतरायचं (खटका काढून घेतला होता), टेप उघडायची, शेकडा समजावून सांगायचा, जोड्यांचा दाखला द्यायचा. एका तपासनिसाने दुसऱ्या तपासनिसाला दिलेला धडा. आवारातले लोक गोळा होतील. होऊ देत.

तपासनीस आला. काकूंच्या बाजूचं दार उघडलं. वाकून चौकटीकडे पाहिलं. मागे गेला, पुढे गेला. "ठीक. पास."

काका अर्धे उतरलेले होते. "पण मापं दोन आहेत! तुम्ही विचारणार नाही?"

"काय विचारू? इथे लिहिलंय की." तपासनिसाने बोट दाखवलं आणि पुढच्या गाडीकडे वळला.

दाराच्या चौकटीवर, चालवणाऱ्याच्या कोपराशी, कारखान्याची एक पट्टी चिकटवलेली होती. पुढे २२५, ४५. मागे २५५, ४०. स्वच्छ, छापील, न पुसलेली. ते दार काकांनी आजवर एकदाही उघडलं नव्हतं.

"हे... हे इथे होतं?"

"गाडी आली त्या दिवसापासून," काकू म्हणाल्या.

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"विचारलंत कुठे? हेडमास्तरांना विचारलं. विमावाल्यांना विचारलं. शिंपीणबाईंना विचारलं. परक्यांच्या गाड्यांच्या पाया पडून आलात. गाडी कोण चालवतं?"

काकांनी पट्टीवरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "दाखवली असतीस तर मी तेव्हाच शब्द परत घेतला असता."

"घेतला असता. पट्टीसाठी," काकू म्हणाल्या. "मला तो तुमच्याकडून हवा होता."

"पण तोही मी मोजूनच..."

"ते माहीत आहे मला." काकूंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "तेवढं चालवून घेते."

काकांनी मागचं दार उघडलं आणि एक पाय आत टाकला.

"तिथे कुठे?" काकू म्हणाल्या. "मागे अक्का बसायची आहे."

काकांनी पाय बाहेर काढला. दार हलकेच लावलं, गाडीला पुढून वळसा घातला, पुढच्या चाकाजवळून जाताना त्याला उगाच हात लावला आणि आपल्या जागेवर येऊन बसले. पट्टा लावला. वेग सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

अक्काला घेऊन गाडी निघाली तेव्हा ऊन कोवळं होतं, आणि मागे अक्का आपले दोन जोडे शेजारी-शेजारी ठेवून बसली होती. उंचवटा आला. खाली काहीच करकरलं नाही. "लाडकी शहाणी आहे हो," अक्का म्हणाली आणि तिने ओवी धरली. काकूंनी उचलली. काकांनाही वाटलं आपणही एक करावी. त्यांनी बोटांवर अक्षरं मोजली, दोन्ही ओळी तोलून अगदी सारख्या केल्या, आणि म्हटल्या. ओवी जागीच गतप्राण झाली. मागे-पुढे दोघी बहिणी इतक्या हसल्या की अक्काला डोळ्यावरची पट्टी धरावी लागली.

"का?" काकांनी खऱ्या कुतूहलाने विचारलं. "कुठे चुकलं? मोजून सांगतो, एक अक्षर कमी-जास्त नाही."

"तेच तर," अक्का म्हणाली.

सिग्नल लाल झाला. काका यावर विचार करत होते. शेजारी एक चकचकीत नवी गाडी येऊन उभी राहिली. काकांनी काच खाली केली, मान बाहेर काढली, तिची पुढची चाकं वाचली, मग मागची वाचली, आणि मान आत घेतली.

"बिचारी," ते म्हणाले. "चारही सारखेच."